सक्तीची सेवा आणि बदलीचा अर्ज

गेल्या पावसाळ्यात निरगुडसरच्या आमच्या वस्तीतील एक मुलगी माझ्या घरी आली. सरकारी महाविद्यालयातून ती एम.बी.बी.एस. झाली आहे. आमच्या वस्तीतली ती पहिली डॉक्टर. बंधपत्राच्या अटीप्रमाणे तिला एक वर्ष सरकारी आरोग्यसेवेत काढायचे होते आणि तिची नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यातील एका गावी झाली होती. काम तिला जड नव्हते. जड होते ते राहणे. क्वार्टर पडके, छत गळके. गावात तिने चार ठिकाणी खोली पाहिली. चारही ठिकाणी आधी आडनाव विचारले गेले आणि मग खोली दुसऱ्याला दिल्याचे सांगण्यात आले. ती एस.टी.ने रोज जाऊन-येऊन करीत होती. रात्रपाळी असली की केंद्रातल्याच बाकावर पडत होती. "सर, बदलीचा अर्ज लिहून द्या," ती म्हणाली आणि लगेच मान खाली घालून पुढे म्हणाली, "पण लोक म्हणतील, सवलतीतून डॉक्टर झाली आणि आता खेड्यात राहायला नको."

तिच्या या दुसऱ्या वाक्यामुळे हा लेख लिहीत आहे. बदली मागणे म्हणजे सेवेतून पळ काढणे, असे आपल्याच शिकलेल्या मुलांना वाटू लागले आहे. म्हणून सक्तीची सेवा म्हणजे काय, कायदा तिच्याविषयी काय म्हणतो आणि तिच्यात बदलीच्या अर्जाचे स्थान कोणते, हे नीट समजून घेतले पाहिजे.

सक्तीची सेवा आपल्याला नवी नाही. महारकी ही सक्तीचीच सेवा होती. सरकारी टपाल पोहोचवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, वेशीवर पहारा देणे, परगावी मयताची खबर नेणे, मेलेले ढोर ओढणे, या कामांना दिवस-रात्र नव्हती. मोबदला म्हणून इनामाचा तुकडा आणि गावाने दिले तर बलुते. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला कामाला जुंपत. १८७४ च्या मुंबईच्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने या व्यवस्थेला सरकारी शिक्का मिळाला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते पार पडले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने रद्द झाली. माझ्या पणजोबांनी ही सेवा केली. त्यांना पगार नव्हता आणि मुदत नव्हती, हे आपण नेहमी सांगतो. पण आणखी एक गोष्ट नव्हती. वतनात बदली नव्हती. गाव कितीही छळो, माणूस त्याच गावाला बांधलेला. अर्ज करावा असे टेबल नव्हते आणि अर्जाला उत्तर देणे कोणावर बंधनकारक नव्हते.

आता संविधानाचे कलम २३ पाहा. त्याचा पहिला भाग वेठबिगारीला बंदी करतो. दुसरा भाग राज्यसंस्थेला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा देतो. पण ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, अशी अट त्याच वाक्यात घातली आहे. म्हणजे वेठ आणि सेवा ही दोन्ही एकाच कलमात शेजारी शेजारी उभी आहेत. एकीला बंदी, दुसरीला अटीवर परवानगी. नेमणुकीचा आदेश सर्वांना सारखा निघाला म्हणून ही अट पुरी झाली, असे समजायचे का? एकाला त्या आदेशावर गावात माडी मिळते, दुसरीला दवाखान्यातला बाक मिळतो. आदेश एक, सेवा मात्र दोन झाल्या. कलमाचे शब्द आदेशापुरते वाचावेत की सेवेच्या प्रत्यक्ष अटींपर्यंत न्यावेत, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

सर्व तरुणांसाठी सक्तीची राष्ट्रीय सेवा भारतात आली नाही. विचार मात्र झाला होता. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखालील समितीने विद्यार्थ्यांसाठी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेची शिफारस केली होती. ती सक्ती मागे पडली आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. आपल्या महाविद्यालयांची गावोगावची श्रमसंस्कार शिबिरे तिचीच. सक्ती उरली ती मुख्यतः सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या बंधपत्रात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये अशा बंधपत्रांना वैध ठरवले. सरकारच्या पैशाने शिकलेल्या डॉक्टरने काही काळ जनतेची सेवा करावी, हे तत्त्व माझ्या मते योग्यच आहे. पण महाराष्ट्रात अनेक वर्षे एम.बी.बी.एस.च्या बंधपत्राला दहा लाख रुपये दंडाची पर्यायी वाट होती. दहा लाख भरून कोण सुटले असेल? निरगुडसरला उसाच्या सरीत खुरपणी करणाऱ्या बाईच्या मुलीला ती वाट कधीच खुली नव्हती. पैसेवाल्याला सुटका विकत मिळत होती. गरिबाच्या हाती सेवेत राहून ठिकाण बदलून मागणे एवढेच होते.

ज्या देशात सर्व पदवीधरांना अशी सेवा सक्तीची आहे, तेथे काय करतात? नायजेरियात १९६७ ते १९७० असे यादवी युद्ध झाले. त्यानंतर देश जोडण्यासाठी १९७३ साली राष्ट्रीय युवा सेवा दल स्थापन झाले. तिशीच्या आत पदवी घेणाऱ्या तरुणाने एक वर्ष सेवा करायची आणि तीही शक्यतो आपल्या प्रांताबाहेर, परक्या भाषेच्या लोकांत. सुरुवातीला तीन आठवड्यांचे शिबिर, मग शाळा, दवाखाना किंवा कचेरीत नेमणूक. एवढी मोठी सक्ती उभारतानाही त्यांना बदलीची वाट ठेवावी लागली. तिचे दोन प्रकार आहेत. पहिला, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात. त्याची मुख्य कारणे ठरलेली आहेत : विवाहित स्त्रीला पतीच्या ठिकाणी जायचे असणे, आजारपण आणि जिवाची सुरक्षितता. त्यासाठी विवाहाचा दाखला, वैद्यकीय अहवाल असे पुरावे लागतात. दुसरा, त्याच प्रांतात कामाचे ठिकाण बदलण्याचा. नेमलेल्या संस्थेने तरुणाला घ्यायला नकार दिला, तर तो नकार लेखी घेऊन त्याला दुसरीकडे नेमतात. सुरक्षिततेचे कारण पोकळ नाही. एप्रिल २०११ च्या निवडणुकीनंतर बाउची प्रांतात उसळलेल्या हिंसाचारात या दलाचे तरुण मारले गेले. ती व्यवस्थाही निर्दोष नाही. तेथेही कारणांची यादी वरच्यांनी ठरवली आहे आणि लग्न, आजार, दंगल यांत न बसणारे दुःख त्या यादीत मावत नाही. पण कारणे जाहीर आहेत आणि नकार लेखी घेण्याची रीत आहे, एवढे आपण घेण्यासारखे आहे.

आता अर्जाकडे वळतो. प्रथम, नेमणुकीच्या ठिकाणी रुजू व्हावे. रुजू न होता बदली मागणे म्हणजे बंधपत्र मोडल्याचा आरोप स्वतःहून ओढवून घेणे. दुसरे, काय मागतो ते स्पष्ट लिहावे. त्याच ठिकाणी राहण्याची सोय, त्याच जिल्ह्यात दुसरे केंद्र आणि दुसरा जिल्हा या तीन वेगळ्या मागण्या आहेत, त्या एकात मिसळू नयेत. तिसरे, 'गैरसोय होते' असे मोघम लिहू नये. कोणत्या तारखेला खोली मागितली, काय उत्तर मिळाले, किती रात्री केंद्रात काढल्या, हे क्रमाने लिहावे. क्वार्टर राहण्याजोगे नाही असे वरिष्ठांचे पत्र आणि छायाचित्रे जोडावीत. आजाराचे कारण असेल तर सरकारी रुग्णालयाचा दाखला जोडावा. चौथे, अर्ज नेमणुकीचा आदेश काढणाऱ्या कार्यालयाच्या नावे आणि वरिष्ठांच्या मार्फत द्यावा, पण एक आगाऊ प्रत थेट पाठवावी. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. शिक्क्याविना दिलेला अर्ज हा न दिलेला अर्ज असतो. पाचवे, उत्तर मागावे. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या व दफ्तर दिरंगाईच्या कायद्यात फाईल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे कलम १० सांगते. त्यानंतरही हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्जाचे काय झाले ते विचारावे. त्याची मुदत तीस दिवसांची आहे.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जातीवरून अपमान झाला, पाणी अडवले, धमकी दिली, तर त्याची फिर्याद १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली स्वतंत्रपणे द्यावी. बदली हा त्या गुन्ह्यावरचा उपाय नाही. नुसती बदली झाली तर सोसणारी गाव सोडते, अपमान करणारा गावातच ताठ मानेने राहतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीची पाळी येते.

एक आक्षेप माझ्याच एका सहकारी प्राध्यापकाने घेतला. असे सगळेच बदली मागू लागले, तर अवघड गावांत राहणार कोण? आक्षेप खोटा नाही. आमच्या आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला डिंभे धरणाच्या कालव्याचे पाणी आणि ऊस आहे, तर पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात आदिवासी वाड्या आहेत. माळीण त्याच डोंगरात होते. ३० जुलै २०१४ रोजी ते दरडीखाली गाडले गेले. तेथे डॉक्टर हवाच. आपल्या माणसांना जे सोसावे लागले ते ओळखणारा हवा. म्हणून अर्ज अवघड गावातून सुटण्याचा नसावा, काम करता येईल अशा ठिकाणी जाण्याचा असावा. तिने शेवटी तसाच अर्ज लिहिला. क्वार्टर दुरुस्त करून द्यावे. ते जमत नसेल तर जेथे क्वार्टर आहे असे कोणतेही केंद्र द्यावे, मग ते डोंगरात असले तरी चालेल. शेवटचे वाक्य तिने स्वतः घातले, मी सुचवलेले नव्हते.

हा लेख लिहीपर्यंत तिला उत्तर आलेले नाही. सात दिवस केव्हाच उलटले. माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही टाकला आहे. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थी संघटनांनी यापुढे चार मागण्या लावून धराव्यात : नेमणुकीआधी निवासाची खात्री, बदलीच्या कारणांची छापील यादी आणि तीत 'जातीमुळे निवास नाकारला जाणे' हे कारण, अर्जाच्या निर्णयाला मुदत, आणि नकार असल्यास त्याची लेखी कारणे. हे नसेल तर सक्तीची सेवा पगारी वेठ होईल. पणजोबांना अर्ज करायला टेबल नव्हते. तिच्यापुढे टेबल आहे. त्यावरचा कागद आता हलवायचा आहे.