आजी, नात आणि काचेमागचं रान

आमच्या सासूबाई लग्न होऊन गिरगावात आल्या त्याला बावन्न वर्षं झाली. एवढ्या वर्षांत राणीची बाग कितीदा तरी झाली, पण काळ्या घोड्याजवळचं ते घुमटाचं म्युझियम काही त्यांनी पाहिलं नव्हतं. सुट्टीत कुणी ना कुणी पाहुणे तिथे जायचे आणि सासूबाई त्यांच्या जेवणाचं बघायला घरी राहायच्या. "जाऊ की पुढच्या खेपेला," म्हणता म्हणता गुडघे धरले. परवा डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, आणि घरी येताना त्या एकदम म्हणाल्या, "त्याच्याआधी मला ते जनावरांचं म्युझियम दाखव."

दिवाळीची सुट्टी होती, माझीही अर्धवेळ शाळा बंद. लेकीला घेतलं, टॅक्सी केली नि निघालो. १९९८ साली ह्या संग्रहालयाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं, तरी टॅक्सीवाल्याला नुसतं 'म्युझियम' म्हटलं की पुरतं. इमारत १९१४ साली बांधून झाली होती, पण पहिल्या महायुद्धात तिथे इस्पितळ होतं. लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ च्या जानेवारीत. प्राण्यांच्या दालनातला बराचसा संग्रह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडून आलेला आहे. ही सोसायटी १८८३ साली आठ जणांनी काढली. त्यांत दोघे आपले डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. लहानपणी लावून दिलेलं लग्न मानायला नकार देऊन कोर्टात उभ्या राहिल्या आणि पुढे डॉक्टर झाल्या, त्याच रखमाबाई! मी मुलांना इतिहास शिकवते, पण हा धागा मला परवापर्यंत ठाऊक नव्हता.

काचेमागे सगळं रानच मांडलंय. गवा, वाघ, लांब पायांचे रोहित पक्षी, मागे रंगवलेलं आभाळ. वाघापाशी लेक थबकली. "आई, ह्याला मुद्दाम मारलं?"

खोटं कसं सांगू? त्या काळी शिकारी करत, आणि अभ्यासासाठीसुद्धा बंदुकीनेच पक्षी-प्राणी जमवत, असं सांगितलं. १९७२ च्या कायद्यानंतर ते बंद झालं. आपण 'पेंढा भरलेला वाघ' म्हणतो, पण नुसता पेंढा कोंबला की झालं असं नसतं. कातडं स्वच्छ करून, टिकेल असं करून आकारावर बेतून चढवावं लागतं, डोळे काचेचे. (म्हणजे ब्लाउज शिवण्यासारखंच, माप चुकलं की संपलं!) परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड २००३ साली हेच दालन बघायला आले आणि ही विद्या आपली आपण शिकले. २००९ साली त्यांच्या खटपटीने बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात त्यासाठी केंद्रही निघालं. तिथे आपल्या मरणाने गेलेले प्राणी जतन केले. लेकीने ऐकलं, पण तिचं समाधान झालं नाही. "ह्या वाघाला त्याचा काय उपयोग?" म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही.

सासूबाई मात्र महाधनेशापाशी रेंगाळल्या. मोठ्या पिवळ्या चोचीचा, डोक्यावर टोप घातल्यासारखा. मी वाचून आले होते ते सांगितलं. मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. कितीतरी आठवडे ती आत, आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो.

"रोज आणतो?"

"रोज. दिवसातून कितीदा तरी."

"मग बरं आहे तिचं," सासूबाई म्हणाल्या. त्यांची तीन बाळंतपणं चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत झाली, घरात नऊ माणसं. हे मी पूर्वीही ऐकलं होतं, पण त्या बाकावर बसून सांगू लागल्या तेव्हा पहिल्यांदाच नीट ऐकलं. सव्वा महिना झाल्यावर खिडकीशी उभं राहिलं म्हणून कुणी तरी बोललं होतं, ते त्यांना अजून आठवतं. मग जरा वेळाने म्हणाल्या, "आणि बाहेर यायचं झालं की ते लिंपण कोण फोडतं? तोच?"

"नाही आई, तीच फोडते. आपल्या चोचीने."

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पुन्हा उठून काचेपाशी जाऊन आल्या.

मैत्रिणींनो, जाणार असाल तर सगळी दालनं एका दिवसात संपवायचा हट्ट धरू नका. मूर्ती, चित्रं, भांडी सगळं बघता बघता पाय भरून येतात आणि प्राण्यांपाशी पोचेपर्यंत मुलं किरकिरतात. आम्ही आधी प्राणीच पाहिले, तेच बरं झालं. वहाणा सवयीच्या घाला.

परतताना लेक म्हणाली, तिला आता जिवंत पक्षी बघायचे आहेत. रोहित तर हिवाळ्यात आपल्या शिवडीच्या चिखलात येतात, उन्हाळ्यापर्यंत असतात. सासूबाईंचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. शिवडीला पायऱ्या चढाव्या लागतात का, ते त्यांनी मला आत्ताच चौकशी करून ठेवायला सांगितलंय.