स्वस्तातला ट्यूबा

आरे-वारेतल्या आमच्या वाडीच्या बँडात ट्रंपेट होते, क्लॅरिनेट होती, ढोल होता; खर्ज नव्हता. विसर्जनाला पुळणीवर उभे राहिले की समुद्राच्या गाजेपुढे सगळे वादन किरटे वाटे. खर्जासाठी ट्यूबा हवा. १८३५ साली बर्लिनमध्ये विप्रेख्त आणि मोरित्झ यांनी त्याचे पेटंट घेतले, ते लष्करी बँडाच्या याच गरजेपोटी.

पितळी वाद्यांसाठी मेरठची जली कोठी प्रसिद्ध. तिथे चौकशी न करता वर्गणीच्या पैशातून मी इंग्लंडमधला जुना ई-फ्लॅट ट्यूबा मागवला. किमतीला भुललो.

पहिला फटका भाड्याचा. विमानाने येणाऱ्या मालाचे वजन बहुधा आकारावरून धरतात : लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५०००. पेटी ११० × ६० × ५५ असेल, तर वीस किलोही न भरणारा डाग कागदावर ७२ किलोंच्या वर जातो! शिवाय सीमाशुल्क नुसत्या किमतीवर नसते. भाडे आणि विमा मिळवून होणाऱ्या रकमेवर असते. म्हणजे महाग भाडे दोनदा बोचते. गटातल्या इतर मालाबरोबर बोटीने न्हावा-शेव्याला आणणे पुष्कळदा परवडते, मात्र बंदरातला खर्च आधी लेखी विचारावा.

दुसरा फटका सुराचा. ट्यूबा बँडाबरोबर जुळेना. सगळे स्वर चढे. दोष फुंकणाऱ्याचा नव्हता. ब्रिटनमधले ब्रास बँड १९६०च्या दशकापर्यंत सुमारे ४५२ कंपनांच्या ‘ए’ला वाजत, आपली वाद्ये ४४०ला. फरक जवळजवळ पाव स्वराचा, आणि अशी जुनी वाद्ये स्वस्त मिळण्याचे एक कारण हेच. विकणाऱ्याने ते सांगितले नाही, मीही विचारले नाही. पैसे देण्यापूर्वी ट्यूनर समोर ठेवून वाजवलेली चित्रफीत मागायला हवी होती.

उपाय हिशेबाचा निघाला. नळी सुमारे चार मीटर; सूर पावणेतीन टक्के उतरवायचा, तर अकरा सेंटिमीटर नळी वाढवायची. मुख्य सरकनळीच्या दोन्ही पायांना साडेपाच-साडेपाच सेंटिमीटरचे तुकडे जोडून भांड्यांना डाख देणाऱ्या एका काकांनी ते केले. व्हॉल्व्हच्या नळ्या मात्र तशाच राहिल्या. त्यामुळे तिन्ही व्हॉल्व्ह दाबले की सूर अजून किंचित चढतो, आणि आमचा वादक ओठ सैल सोडून तो खाली आणतो.