कोर्टाची पायरी चढण्याआधी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण न्यू जर्सीत घर घेतलं, गाडी रस्त्यावर आली, तळघराचं काम काढलं, की ती पायरी कधीकधी आपणहून दाराशी येते. कुंपणावरून शेजाऱ्याशी वाद, भाडेकरूने थकवलेलं भाडं, अपघात, काम अर्धवट टाकून गेलेला कॉन्ट्रॅक्टर. मग आपण काय करतो? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारतो, ‘कुणी चांगला वकील सुचवेल का?’ दहा मिनिटांत सात नावं येतात. त्यातले चार इमिग्रेशनचे असतात आणि दोन घराच्या क्लोजिंगचे.

साहजिकच आहे. आपल्यापैकी बहुतेकांची वकिलाशी पहिली ओळख एच-वन आणि ग्रीन कार्डामुळे होते. इथे वकिलीचा परवाना एकच असतो, त्यामुळे कागदोपत्री कुणीही कुठलाही खटला घेऊ शकतो. प्रत्यक्षात फॉर्म भरण्यात निष्णात असलेला माणूस आणि उलटतपासणीत निष्णात असलेला माणूस यांत हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांच्याइतकं अंतर असतं. वाद कोर्टात जाणार असेल तर लिटिगेशन करणारा हवा. दावा लिहिणारा, समोरच्याकडून कागद काढून घेणारा, शपथेवर साक्ष घेणारा आणि वेळ आली तर ज्युरीपुढे उभा राहणारा.

माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण सांगते. तळघराच्या कामासाठी बत्तीस हजार डॉलर दिल्यावर कॉन्ट्रॅक्टरने फोन उचलणं बंद केलं. घराच्या क्लोजिंगला असलेले ओळखीचे वकील म्हणाले, ‘एक पत्र पाठवू, पण पुढे जाऊ नका. जेवढे मिळतील तेवढे फीमध्ये जातील.’ सल्ला शहाणपणाचा वाटावा असाच होता. अमेरिकेत साधारणपणे ज्याने त्याने आपापल्या वकिलाची फी भरायची असते. जिंकलं तरी ती समोरच्याकडून मिळत नाही.

दुसऱ्या वकील बाई रोज असे खटले चालवणाऱ्या. त्यांनी आधी विचारलं, करार लेखी होता का? त्यावर कॉन्ट्रॅक्टरचा राज्याचा नोंदणी क्रमांक होता का? न्यू जर्सीत घरदुरुस्तीचं काम पाचशे डॉलरच्या वरचं असेल तर करार लेखी असावा लागतो आणि कॉन्ट्रॅक्टर नोंदणीकृत असावा लागतो. ग्राहक फसवणूकविरोधी कायद्याखाली गैरप्रकार आणि त्यामुळे झालेलं नुकसान दोन्ही सिद्ध झाली, तर तिप्पट भरपाई आणि शिवाय वकिलाची वाजवी फीही मिळू शकते. म्हणजे पहिल्या वकिलांनी मांडलेलं गणित याच खटल्याला लागू नव्हतं. वाईट वकील नव्हते ते. त्यांचा प्रांत वेगळा होता.

त्याच भेटीत बाईंनी आणखी एक गोष्ट केली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘मधेच तोंडी सांगून तुम्ही बाथरूमची जागा बदलली, ते तुमच्या विरुद्ध जाईल,’ असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जो वकील पहिल्या अर्ध्या तासात आपली कमकुवत बाजू दाखवत नाही आणि ‘शंभर टक्के जिंकणार’ म्हणतो, त्याच्या ऑफिसातून चहा न घेता उठावं.

तपासायच्या जागाही आहेत. वकिलाचा परवाना चालू आहे का, हे राज्याच्या न्यायव्यवस्थेच्या वेबसाइटवर नाव घालून बघता येतं. न्यू जर्सीचं सुप्रीम कोर्ट काही वकिलांना ‘सर्टिफाइड सिव्हिल ट्रायल अटर्नी’ ठरवतं. त्यासाठी खटल्यांचा अनुभव, परीक्षा आणि न्यायाधीश व सहकारी वकिलांचं मत असं सगळं लागतं. प्रमाणपत्र नसलेलेही उत्तम वकील असतात, पण ज्याच्याकडे ते आहे तो कोर्टात उभा राहिलेला आहे एवढं नक्की. एडिसनकरांचा दावा बहुधा न्यू ब्रन्सविकला चालणार. तिथे तुम्ही वरचेवर जाता का, हे विचारायला संकोच कशाला? माझी केस तुम्ही स्वतः बघणार की नव्याने लागलेल्या सहकाऱ्याकडे देणार, हेही विचारावं.

पहिल्या भेटीला काकांना, भावाला, शेजाऱ्याला घेऊन जायची आपली पद्धत. इथे ती अंगाशी येऊ शकते. वकील आणि अशील यांचं बोलणं गोपनीय असतं, पण तिसरी व्यक्ती खोलीत बसली तर ते संरक्षण जाऊ शकतं. आई-बाबांना इंग्रजीची अडचण असेल तर दुभाष्याचं काय करायचं, ते वकिलालाच आधी विचारावं. ग्रुपवर लिहिलेला संतापही उद्या समोरचा वकील मागवू शकतो. बरोबर न्यायचं ते तारीखवार टिपण: कोणत्या दिवशी काय ठरलं, किती दिले, कोणता ईमेल. मी शिकवत असताना मुलांना सनावळ्या लिहायला लावायचे. वकिलालाही नेमकं तेच लागतं. शिवाय त्याच्या वाचनाचे तास वाचतात.

तास म्हणजे पैसे, अगदी शब्दशः. बहुतेक ठिकाणी हिशोब तासाच्या दहाव्या भागाने होतो. तासाला चारशे डॉलर दर असेल तर सहा मिनिटांच्या फोनचे चाळीस. सुरुवातीला घेतलेला रिटेनर ही पूर्ण फी नव्हे. तो संपला की पुन्हा भरावा लागतो. अपघाताच्या खटल्यात वकील मिळालेल्या रकमेतून वाटा घेतात, साधारण एक तृतीयांश. घटस्फोटाच्या किंवा फौजदारी खटल्यात असा वाटा ठरवायला मनाई आहे. नव्या अशिलाला फीचा आधार लेखी द्यावा लागतो, तेव्हा ‘आपलीच माणसं, कागद कशाला’ या वाक्याला भुलू नये.

दावा पाच हजारांपर्यंतचा असेल तर स्मॉल क्लेम्समध्ये वकिलाशिवायही उभं राहता येतं. पण आपल्यावरच दावा झाला आणि समन्स हाती पडलं, तर सुपीरियर कोर्टाच्या नेहमीच्या दिवाणी दाव्यात उत्तर द्यायला 35 दिवस असतात. ते दिवाळीच्या फराळात आणि भारतवारीत सहज निघून जातात आणि निकाल एकतर्फी लागू शकतो. आपण दावा करणार असू, तर करारभंगासाठी सहा वर्षं मिळतात, शारीरिक इजेसाठी साधारण दोनच.

मैत्रिणीचा खटला ज्युरीपर्यंत गेला नाही. बहुतेक खटले जात नाहीत. साक्षी झाल्यावर समोरून तडजोडीचा आकडा आला. बाईंनी तो घेतल्यास काय आणि नाकारल्यास काय, हे एका कागदावर मांडलं आणि निर्णय तिच्यावर सोडला. तडजोड करायची की नाही, हा हक्क अशिलाचाच असतो. तिने दोन दिवस मागितले, नवऱ्याशी बोलली आणि आकडा आणखी थोडा वाढवून मागितला.