रूम सोडू की धरून ठेवू? एका लॉटरीत सापडलेला संशोधनाचा प्रश्न

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेले ज्युनिअर मला हमखास विचारतात, "ताई, टॉपिक आणायचा कुठून?" मी सांगते, ज्या नियमावर सगळे कुरकुर करतात पण जो कुणी कागदावर मांडून बघत नाही, तिथे आधी बघा. आज असाच एक नियम घेऊया. अमेरिकेतल्या कॉलेजांत हॉस्टेलची रूम वाटायची लॉटरी.

मी इथे पीएचडीला आले तेव्हा पहिल्या वर्षी जी रूम मिळाली तिची खिडकी पार्किंगवर उघडायची. वाईट नव्हती, पण आवडतीही नव्हती. मार्च-एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाचा फॉर्म आला. पर्याय दोनच. आहे ती रूम ठेवा, किंवा ती सोडून लॉटरीत उतरा. एकदा सोडली की परत मिळेलच असं नाही. दोन रात्री विचार केला आणि ठेवली. ऑक्टोबरमध्ये बोलता बोलता कळलं की वरच्या मजल्यावरच्या एका मुलीला नेमकी माझी रूम हवी होती, कारण तिची लॅब पार्किंगपलीकडे होती. आणि तिची शांत रूम मला हवी होती! तिनेही घाबरून स्वतःचीच ठेवली होती. वर्ष सुरू झाल्यावर परस्पर अदलाबदल चालत नाही, त्यामुळे दोघी वर्षभर चुकीच्या रूममध्ये राहिलो.

मला वाटलं, मीच भित्री. पुढच्या वर्षी कोर्समध्ये एक पेपर वाचला तेव्हा कळलं, दोष माझ्या स्वभावाइतकाच नियमाचाही आहे.

साधी लॉटरी तशी चांगलीच असते

आपल्याकडे बऱ्याच हॉस्टेलमध्ये मेरिट लिस्ट लागते. इथे अनेक कॉलेजांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे नंबर काढतात. १ नंबरवाला हवी ती रूम घेतो, मग २ नंबरवाला उरलेल्यांतून, मग ३. अर्थशास्त्रात याला रँडम सीरियल डिक्टेटरशिप म्हणतात. आपली पाळी आली की त्या क्षणापुरते आपण हुकूमशहा, म्हणून हे नाव.

या पद्धतीचे दोन गुण लक्षात ठेवा. एक, इथे खोटं बोलून फायदा नाही. पाळी आली की उरलेल्यांतली सगळ्यात आवडती रूम उचलायची, त्यात डावपेच कसले? दोन, वाटप झाल्यावर दोघांचाही फायदा होईल अशी अदलाबदल शिल्लक राहत नाही. का, ते बघा. ज्याने आधी निवड केली त्याच्यासमोर नंतरच्याने घेतलेली रूमही होती. ती न घेता त्याने दुसरी घेतली. मग तो आता कशाला बदलेल?

पण हे गुण टिकतात ते सगळेच नवे असतील तर. काही जण आधीपासून राहत असले आणि त्यांना रूम ठेवायचा हक्क असला की गणित बदलतं.

तीन मुलं, तीन रूम

पेन काढा आणि सोबत करून बघा. पूर्वेची रूम, कोपऱ्याची रूम आणि लॉन्ड्रीजवळची रूम. अमेय सध्या पूर्वेच्या रूममध्ये राहतो, बाकीच्या दोन रिकाम्या आहेत. भूषण आणि चेतन नवे. आवडीनिवडी अशा:

अमेय: कोपऱ्याची, मग पूर्वेची, मग लॉन्ड्री.
भूषण: पूर्वेची, मग कोपऱ्याची, मग लॉन्ड्री.
चेतन: कोपऱ्याची, मग पूर्वेची, मग लॉन्ड्री.

अमेय रूम सोडून लॉटरीत उतरला तर तिघांचे नंबर ६ प्रकारे लागू शकतात. सहाही लिहून काढलेत तर दिसेल की ३ वेळा त्याला कोपऱ्याची मिळते, १ वेळा स्वतःची पूर्वेची परत मिळते आणि २ वेळा तो लॉन्ड्रीजवळ जाऊन पडतो. म्हणजे तीनात एक शक्यता अशी, की होतं तेही गेलं. सावध माणूस म्हणेल, नको रे बाबा, आहे ती बरी.

अमेय थांबला की उरलेल्या दोन रूमसाठी भूषण आणि चेतनची लॉटरी. भूषणचा नंबर आधी लागला तर तो कोपऱ्याची घेतो. आता बघा, अमेयला भूषणची रूम हवी आहे आणि भूषणला अमेयची. दोघांनी बदलली तर चेतनला काहीच फरक पडत नाही. तरीही बदल होत नाही, कारण अमेय आधीच बाजूला झालाय. असं निम्म्या वेळा होणार. माझी आणि त्या वरच्या मजल्यावरच्या मुलीची गोष्ट याच जातीची.

नियमात छोटी दुरुस्ती

अतिला अब्दुलकादिरोलू आणि तायफुन सोनमेझ यांनी १९९९ च्या पेपरमध्ये नेमका हा प्रश्न मांडला. कार्नेगी मेलन, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न अशा विद्यापीठांत तेव्हा चालणारा नियम त्यांनी समोर ठेवला आणि तो कुठे अडतो ते दाखवलं. त्यांचा उपाय एका वाक्याचा आहे: तू माझी रूम मागितलीस, तर तुझ्याआधी माझी पाळी.

नंबर पूर्वीसारखेच काढायचे. पण कुणी अशी रूम मागितली जिच्यात अजून निवड न झालेला जुना माणूस राहतोय, तर त्या जुन्या माणसाला रांगेत मागणाऱ्याच्या पुढे आणायचं. तो आधी निवडतो. दुसरं काही चांगलं मिळालं तर ते घेतो, नाहीतर स्वतःचीच ठेवतो. असं करता करता मागण्यांचं वर्तुळ झालं, म्हणजे मला तुझी हवी, तुला त्याची, त्याला माझी, तर वर्तुळातल्या सगळ्यांना हवं ते देऊन टाकायचं. या वर्तुळांची कल्पना जुनी आहे. लॉइड शॅपली आणि हर्बर्ट स्कार्फ यांच्या १९७४ च्या पेपरमध्ये ती आली आणि तिचं श्रेय त्यांनी डेव्हिड गेल यांना दिलं.

आपल्या उदाहरणात करून बघा. नंबर लागले भूषण, चेतन, अमेय. भूषण पूर्वेची मागतो, म्हणून अमेय पुढे येतो. अमेय कोपऱ्याची घेतो, भूषणला पूर्वेची मिळते, चेतनला लॉन्ड्री. सहाही रांगा अशा तपासल्या की अमेयला ४ वेळा कोपऱ्याची, २ वेळा पूर्वेची आणि लॉन्ड्रीजवळची एकदाही नाही. लॉटरीत उतरण्यात त्याला धोका उरत नाही. मग तो घाबरून थांबेल कशाला?

इथे एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. अमेय घरी बसला असता तर चेतनला ६ पैकी ३ वेळा कोपऱ्याची रूम मिळाली असती. नव्या नियमात ती २ वेळा मिळते, १ वेळा पूर्वेची, आणि लॉन्ड्री दोन्हीकडे ३ वेळाच. म्हणजे चेतनचं थोडं नुकसान आहे. अदलाबदल शिल्लक न राहणं वेगळं आणि प्रत्येकाची शक्यता सुधारणं वेगळं. पेपर वाचताना "कार्यक्षम" हा शब्द आला की लगेच विचारा, कुणाच्या दृष्टीने, आणि लॉटरी निघायच्या आधी की नंतर?

कागदावर ठीक, पण माणसं तशी वागतात का?

हा प्रश्न यायलाच हवा. २००२ मध्ये यान चेन आणि सोनमेझ यांनी लॅबमध्ये प्रयोग करून दोन्ही नियम समोरासमोर ठेवले. वर्तुळांच्या नियमात रूम असलेले लोक लक्षणीय जास्त संख्येने सहभागी झाले, आणि त्यामुळेच वाटपही लक्षणीय जास्त कार्यक्षम ठरलं. फरक रूम जास्त असण्याने पडला नाही. लोकांची भीती गेली म्हणून पडला.

रूमपासून किडनीपर्यंत

आता मी हा पेपर का निवडला ते सांगते. समजा एका पेशंटला किडनी हवी आहे, बायको द्यायला तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही. दुसऱ्या एका जोडप्याची हीच अडचण, आणि आडवं जुळवलं तर दोघांचंही जुळतं. आल्विन रॉथ, सोनमेझ आणि उत्कु उनवेर यांनी २००४ च्या पेपरमध्ये दाखवलं की हा तोच हॉस्टेलचा प्रश्न आहे. दाता सोबत असलेला पेशंट म्हणजे रूम असलेला अमेय. दाता नसलेले, वेटिंग लिस्टवरचे पेशंट म्हणजे नवे विद्यार्थी. मृत दात्यांकडून येणाऱ्या किडन्या म्हणजे रिकाम्या रूम. त्यानंतर न्यू इंग्लंडमधल्या ट्रान्सप्लांट डॉक्टरांबरोबर प्रत्यक्ष अदलाबदलीचा कार्यक्रम उभा राहिला. रॉथ आणि शॅपली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडेही अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने अशा जोड्यांमधल्या अदलाबदलीला जागा मिळाली.

आणि भीतीही तीच. एका दात्याने आधी किडनी दिली आणि दुसऱ्याने ऐनवेळी माघार घेतली तर? पहिल्या पेशंटच्या हातून दाताही गेला आणि किडनीही. म्हणून सुरुवातीपासून अशा जोड्यांची ऑपरेशन्स एकाच वेळी करण्यावर भर राहिला. "आधी सोडा, मग बघू" हा नियम रूमसाठी गैरसोयीचा असतो, इथे तो जिवावर बेतू शकतो.

तुम्ही यातून काय उचलाल?

पहिलं, कुरकुर ऐकली की त्यामागचा नियम जसाच्या तसा लिहून काढा. कुणाला कसला हक्क आहे, कोण आधी निवडतो, काय सोडल्यावर परत मिळत नाही. दुसरं, सगळ्यात छोटं उदाहरण हाताने सोडवा. तीन मुलं, तीन रूम पुरतात. मी तेव्हा सहा ओळींचा तक्ता मांडला असता तर दोन रात्री जागावं लागलं नसतं. तिसरं, पेपरमध्ये काय गृहीत धरलंय ते शोधा, कारण पुढचा टॉपिक बहुतेक वेळा तिथेच असतो.

इथे गृहीत धरलंय की एका रूममध्ये एकच जण आणि शेजारी कोण याने फरक पडत नाही. पण एका रूममध्ये दोघं राहत असतील तर? डेव्हिड गेल आणि शॅपली यांनी १९६२ मध्येच चार मुलांचं उदाहरण देऊन दाखवलं होतं की रूममेटच्या जोड्या कशाही लावा, कधी कधी एकही जोडणी टिकाऊ नसते. कुणीतरी दोघं आपापला जोडीदार सोडून एकत्र यायला तयार असतातच. ते उदाहरण नेटवर शोधण्याआधी स्वतः बनवून बघा. चार नावं आणि एक कागद लागेल. एक संध्याकाळ जाईल, पण जाऊ द्या.