विझलेल्या भट्टीची ऊब

नवीन पनवेलहून एका वाचक भगिनींची कैफियत आमच्या टपालात आली आहे. परदेशस्थ चिरंजीवांनी मोठ्या हौसेने आणून दिलेल्या विजेच्या स्लो कुकरमध्ये त्यांनी दूध तापविले, कोमट झाल्यावर नेहमीचे विरजण लावले, आणि पौषातल्या थंडीत दही नीट लागत नाही हा अनुभव स्मरून यंत्राची कळ रात्रभर ‘वॉर्म’वर ठेवली; सकाळी झाकण काढून पाहतात तो दूध जसेच्या तसे, आणि विरजणाच्या गुठळ्या तेवढ्या त्यात तरंगत असलेल्या. पातेल्याला पंचा गुंडाळून जे साधते ते एवढ्या किमती यंत्राला का साधू नये, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे.

या मामल्यात यंत्राने कसूर केलेली नाही. त्याने हुकूम अक्षरशः बजावला. ‘वॉर्म’ची तजवीज शिजलेले अन्न जेवणवेळेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर राखण्यासाठी, म्हणजेच त्यात सूक्ष्मजीवांची वाढ होऊ नये एवढ्याचसाठी केलेली असते, आणि दही लागणे म्हणजे तर सूक्ष्मजीवांचीच वाढ होणे. आपल्या घरोघरच्या विरजणात जी मिश्र वस्ती नांदते, तिच्यातील लॅक्टोकॉकस कुळास ३० अंशांच्या आसपासची ऊब मानवते आणि चाळिशी ओलांडताच त्याचे काम थंडावते; स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस त्याहून काटक, ४२ अंशांवर तो ऐन भरात असतो; परंतु ६० अंशांवर त्याचीही वाढ खुंटते.

वास्तविक या यंत्राचे मूळ पाहिले तर ते अखंड आच देण्यात नाहीच. शिकागोचे संशोधक अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये ज्या पाचकाचे एकस्व मिळाले, त्याची प्रेरणा त्यांच्या आईच्या एका आठवणीत होती. लिथुआनियातील विल्ना येथे तिच्या लहानपणी शुक्रवारी दुपारी ज्यू घरांतून कालवणाने भरलेली भांडी पाववाल्याकडे पोचविली जात. सूर्यास्ताला शब्बाथ सुरू झाला की अग्नी पेटविण्यास धर्माचा मज्जाव, म्हणून भट्टी विझविली जाई, आणि त्या विझलेल्या, सावकाश निवणाऱ्या भट्टीच्या उरल्यासुरल्या उष्णतेवर ते कालवण रात्रभर शिजत राही. बंदी होती ती अग्नीला. विटांत मुरलेल्या उष्णतेची जप्ती कोण करणार? नॅक्सन यांचा धंदा पुढे रायव्हल कंपनीने घेतला, आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ हे नाव धारण करून ते भांडे अमेरिकेच्या घराघरांत शिरले.

पनवेलकरांस शब्बाथ परका वाटण्याचे कारण नाही. १८४९ साली बांधलेले बेथ एल सिनेगॉग त्यांच्या गावातच आहे, आणि आजच्या रायगड जिल्ह्यात तेलाच्या घाण्यांवर उपजीविका करणारे बेने इस्राएल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणूनच तर ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. (मांस आणि दूध एकत्र करणे धर्माने निषिद्ध, तेव्हा या मंडळींनी रश्श्याला नारळाचे दूध लावून कोकणाचा आणि मोझेसच्या नियमांचा जो सुरेख मेळ घातला, त्यावर स्वतंत्र लेख लिहिण्याचा मोह येथे आवरता घेतो.)

तेव्हा भगिनींनी यंत्र त्या भट्टीच्या रीतीनेच वापरावे. दूध ‘लो’वर सावकाश ८५ अंशांपर्यंत चढू द्यावे. ही पायरी केवळ दुधातील आगंतुक जंतू मारण्यासाठी आहे असा समज सार्वत्रिक असला तरी तिचे मर्म निराळे आहे : एवढ्या उष्णतेस निवळीतील प्रथिनांची घडी मोडते आणि ती केसीनच्या कणांना जाऊन चिकटतात, पुढे जंतूंनी दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल करीत करीत दुधाचा सामू ६.६ वरून ४.६ च्या दिशेने खाली आणला, आणि केसीनचे कण एकमेकांना धरून जाळे विणू लागले, म्हणजे ही चिकटलेली प्रथिने त्या जाळ्यास बळकटी देतात व पाणी धरून ठेवतात. जेमतेम तापविलेल्या दुधाच्या दह्याला पाणी सुटते ते यामुळे. या कामी स्लो कुकर गॅसच्या शेगडीहून खरोखरच सरस. दूध तळाशी लागत नाही आणि ते ऊतू जाईल म्हणून कोणाला राखण करीत उभे राहावे लागत नाही.

यानंतर मात्र यंत्राचा अंमल संपवावा. कळ बंद करून दूध ४० अंशांपर्यंत निवू द्यावे, विरजण लावावे, आणि झाकणासकट सारे भांडे जाड टॉवेलात गुंडाळावे. आतील जाड चिनी मातीचे भांडे ऊब सोडण्याच्या कामी फार कंजूष असते. अर्थात दोन लिटर दूध जितके सावकाश निवते तितके अर्धा लिटर निवत नाही, कारण आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग अधिक असतो. म्हणून दोघांच्या संसारात दूध लहान पातेल्यात विरजून ते पातेले कुकरमधल्या कोमट पाण्यात ठेवणे बरे.

चिरंजीवांनी सोबत बल्गेरियन विरजणाची पुडीही आणली असून तिच्या वेष्टनावर दीर्घायुष्याचे अभिवचन आहे म्हणे. हे अभिवचन पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेच्निकॉव्ह यांच्यापासून चालत आले आहे. आतड्यांतील कुजण्याने वार्धक्य येते आणि आंबविलेले दूध ते रोखते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते रोगप्रतिकारावरील निराळ्याच कामासाठी, पण त्या कीर्तीची झळाळी दह्यालाही चढली. स्वतः मेच्निकॉव्ह १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी वारले, आणि तो बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात कायमचा मुक्काम करीत नाही हेही पुढे आढळले. ज्याने १९०५ मध्ये जिनीव्हाच्या प्रयोगशाळेत मायदेशीच्या दह्यातून तो जंतू प्रथम हुडकला, त्या स्टामेन ग्रिगोरॉव्ह या तरुणाचे नाव बल्गेरियाबाहेर कितीजणांना ठाऊक आहे? त्याचा शोध जाहिरातीविनाच पुरेसा मोलाचा होता. पुडी खुशाल वापरावी. तिच्यातील जंतूंना ४२ अंशांची ऊब लागते, म्हणून टॉवेल दुहेरी घ्यावा.

घरच्या विरजणासाठी होळीनंतर यातले काहीच नको. तेव्हापासून पनवेलच्या स्वयंपाकघरातली हवाच ३० अंशांच्या घरात जाते, आणि तक्रार दही न लागल्याची नसून ते आंबट झाल्याची येते. त्या दिवसांत दूध गार करूनच विरजावे, आणि दही लागताच ते फ्रिजमध्ये ठेवावे.