यादीत नसलेला कामगार

संगणकावरील फॉर्म भरताना एक चौकोन असा येतो की, त्यात आपण काही लिहावयाचे नसते. कडेच्या बाणावर बोट ठेवले की खाली नावांची यादी उलगडते. तीतील एक नाव निवडावयाचे. याला ड्रॉप-डाऊन म्हणतात. आम्ही निवडयादी म्हणू. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु परळ-लालबागच्या माणसाचा धंदा, त्याची गिरणी, त्याचा वारस हे सारे आता अशाच चौकोनांतून सरकारदरबारी पोचते. आम्ही संगणक शाळेत शिकलो नाही. युनियनच्या कचेरीत सभासदांचे अर्ज भरता भरता जे उमगले, तेच येथे मांडीत आहोत.

मुळात यादी हवीच कशाला? कारण लिहिण्याची मोकळीक दिली की एक माणूस ‘परळ’ लिहितो, दुसरा ‘परेल’. एक ‘गिरणी कामगार’ म्हणतो, दुसरा ‘मिल कामगार’. आपल्याला अर्थ एकच. यंत्राला मात्र ती वेगवेगळी माणसे. मग मोजणी करावयाची कशी? २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावे जशीच्या तशी उतरली, ती १९,५६९ भरली. छाननीअंती त्यांतून १,३६९ मातृभाषा ठरल्या, आणि १,४७४ नावे कोठेच न बसल्यामुळे ‘इतर’ या सदरात गेली. म्हणजे चाळण ही लागतेच. मोकळ्या लिखाणात ती मागाहून लावतात, निवडयादीत आधी. पण आधी लावलेल्या चाळणीतून जो खाली पडला, त्याचा मागमूसही उरत नाही. खरी गोम येथेच आहे.

आता आतली रचना पाहू. आपल्याला दिसते ते नाव. यंत्र साठविते तो क्रमांक. नावांचा तक्ता वेगळा, माणसांचा वेगळा, आणि दोहोंना क्रमांकाची कडी जोडलेली. दादरची इंदू मिल घ्या. कागदोपत्री ती इंडिया युनायटेड मिल नंबर ६. म्हातारा कामगार ‘इंदू मिल’ म्हणणार. यादीत ‘इ’पाशी ते नाव नसेल तर भरणारा पोरगा म्हणणार, ‘आजोबा, ही मिल यादीत नाही.’ उपाय सोपा आहे: क्रमांक एकच ठेवून दोन्ही नावे शोधता येतील असे करावे. तसेच गिरणी बंद पडली म्हणून तिचे नाव तक्त्यातून पुसू नये. नव्या अर्जात ते दाखवू नये, एवढे पुरे. कारण जुन्या कामगाराची नोंद त्याच क्रमांकावर टेकलेली असते.

दुसरी गोष्ट पहिल्या नावाची. कित्येक फॉर्मांत यादीतले पहिले नाव आधीच निवडलेले असते. घाईत कोणी हात लावला नाही तर तेच जमा होते, आणि यंत्र मुकाट्याने ते खरे मानते. म्हणून पहिल्या ओळीत ‘निवडा’ एवढाच शब्द असावा, आणि तो तसाच राहिला तर फॉर्म पुढे जाऊ नये. शिवाय निवडलेले मूल्य खरोखर यादीतलेच आहे की नाही, हे पडद्यावर तपासून भागत नाही. माहिती जेथे साठते तेथेही पुन्हा तपासावे लागते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: यादीत नसलेल्या उत्तराचे काय? मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या प्रणालीत यासाठी दोन सोयी आहेत. ‘लिमिट टू लिस्ट’ लावले की यादीबाहेरचा शब्द अडतो. पण अडल्याबरोबर ‘नॉट इन लिस्ट’ नावाची घटना घडते, आणि तेव्हा काय करावयाचे हे फॉर्म रचणारा ठरवू शकतो. अर्ज नाकारावा, नवे नाव यादीत घालावे, की तपासणीसाठी बाजूस ठेवावे? यंत्राने दार बंद ठेवलेले नाही. ते उघडावयाचे की नाही, हा निर्णय माणसाचा आहे.

असंघटित कामगारांसाठी २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम नोंदणी सुरू झाली, तेव्हा तीत सुमारे ३० क्षेत्रांतील ४०० व्यवसायांतून आपला व्यवसाय निवडावयाचा होता. चारशे ही संख्या लहान नव्हे. तरी लालबागच्या चाळीत गिरणीकामगारांना जेवू घालणारी खाणावळवाली आठवा. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केल्या त्या याच बाया. अशा बाईने काय निवडावे? ती स्वयंपाकीण, हॉटेलमालकीण की गृहिणी? गृहिणी निवडले की तिचा धंदाच नाहीसा झाला. बदली कामगाराचेही तेच. ‘कायम’ आणि ‘तात्पुरता’ एवढेच दोन पर्याय असतील, तर वर्षानुवर्षे गिरणीच्या दारात उभे राहून कायम कामगाराच्या गैरहजेरीत काम करणारा माणूस कोठे बसणार?

आमच्या कायद्याने याचा मार्ग पूर्वीच दाखविला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या नावातच ‘माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार’ असे शब्द आहेत. तेथे ‘इतर’ म्हणजे केराची टोपली नव्हे. तेही हक्काचे स्थान आहे. निवडयादीतील ‘इतर’ असेच असावे. ते निवडले की शेजारी मोकळा चौकोन उघडावा, माणसाचे शब्द जसेच्या तसे साठवावे, आणि जाणत्या माणसाने ठरावीक मुदतीने ते वाचून यादी सुधारावी. तेथल्या तेथे कारकुनाला नवे नाव घालू दिले तर ‘परळ’ आणि ‘परेल’ पुन्हा उगवतील. आणि कोणी वाचलेच नाही, तर ‘इतर’ ही टोपलीच ठरेल.

तेव्हा मित्रहो, पुढच्या खेपेस कोणी म्हणाले की ‘हे यादीत नाही’, तर घाबरून जवळचे खोटे नाव निवडू नका. यादी कोणी केली, ती कधी सुधारली, आणि ‘इतर’ कोण वाचतो, हे तीन प्रश्न विचारा. पावती हाती घेण्यापूर्वी प्रत्येक चौकोनातले नाव मोठ्याने वाचून घ्या. यादी माणसासाठी आहे. माणसाने यादीत मावण्यासाठी आपला धंदा बदलावा, हा न्याय नव्हे.