फिल्म्स डिव्हिजनच्या रिळांचं पुढे काय?

एके काळी थिएटरात मुख्य सिनेमाआधी ‘भारतीय समाचार चित्र’ लागायचं. ते बनायचं मुंबईत, केंद्र सरकारनं १९४८ साली स्थापन केलेल्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. सरकारी प्रचार तर तिथं झालाच. पण प्रमोद पतींचा ‘एक्सप्लोरर’ आणि एस. एन. एस. शास्त्रींचा ‘आय अ‍ॅम २०’ हे धाडसी प्रयोगही तिथलेच. ‘आय अ‍ॅम २०’मध्ये १९४७ साली जन्मलेली तरुण मुलं कॅमेऱ्यासमोर देशाबद्दल मोकळेपणानं बोलतात.

२०२२मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ (एनएफडीसी) या सरकारी कंपनीत विलीन झाली. पुण्याचं फिल्म संग्रहालयही त्याच कंपनीकडे गेलं. एकाच छताखाली कारभार सुटसुटीत होईल, हा सरकारचा युक्तिवाद. चित्रपटांची मालकी केंद्र सरकारकडेच राहील, अशी ग्वाहीही मिळाली. तरी अनेक चित्रकर्मी धास्तावले, आणि ते रास्तच होतं. कंपनीला कमाईचं गणित सांभाळावं लागतं. जुन्या माहितीपटातून कमाई ती कितीशी होणार?

रिळं मात्र या वादासाठी थांबत नाहीत. उष्ण, दमट हवेत अ‍ॅसिटेट फिल्म कुजू लागते: डबा उघडताच व्हिनेगरचा आंबूस वास येतो, पट्टी आक्रसते, वेडीवाकडी होते. ही प्रक्रिया उलटवता येत नाही, थंड आणि कोरड्या कोठारात फक्त लांबवता येते. डिजिटल प्रत काढली तरी मूळ निगेटिव्ह जपावंच लागतं. त्यासाठी दरवर्षी हक्काची तरतूद हवी आणि फिल्म हाताळणारी जाणती माणसंही.